रानातली वाट : सरळ बंद, आडवी चालू (प्रकल्प नोंदी)

१२ ऑक्टोबर

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण गेल्या दोन-तीन वर्षांत रानात जे काही खटाटोप केले त्यातलं कुठे काय केलं, काय टिकलं आणि काय वाहून गेलं हे आता कुणालाच धड सांगता येत नाही. रान घरचंच आहे. टेकडीची एक सोंड, दोन्ही अंगाला उतरण, एका अंगाला ओहोळ आणि माथ्यावर थोडी पसरट जागा. खालच्या कुंपणापासून माथ्यापर्यंत उंची ६२ मीटर धरलीय (फोनवर एकदा ६० आली, एकदा ६४, मग काय करणार).

वर जायची वाट एकच, काकांनी चाळीसेक वर्षांपूर्वी पाडलेली, सोंडेवरून नाकासमोर सरळ. १९० मीटरात ६२ मीटर चढायचं म्हणजे जवळजवळ ३३ टक्के. आज टेप घेऊन चालले तर मधल्या टप्प्यात वाट अशी राहिलेलीच नाही, घळ झालीये, सगळ्यात खोल जागी ७० सेंटीमीटर भरली, दोन्ही बाजूंनी मुळं उघडी पडून लोंबतायत आणि तळाला नुसते गोटे. दरवर्षी कुणीतरी त्यात दगड भरतं आणि पाऊस झाला की तेच दगड कुंपणापाशी येऊन पडतात, त्यातले दोन-तीन तर आता माझ्या ओळखीचे झालेत. घळीतून चालवत नाही म्हणून माणसं कडेने चालतात, तिथे दुसरी वाट पडते, ती खचली की तिसरी.

काकांचे गुडघे गेलेत. दोन वर्षं झाली ते माथ्यावर आलेले नाहीत. वाटेचं काम काढण्यामागचं हे कारण मी कुणाला सांगितलेलं नाही, सगळ्यांना जमिनीची धूप वगैरे सांगितलंय.

१३ ऑक्टोबर

रात्री जोरात पाऊस झाला, पहाटे अजून चालू होता म्हणून छत्री घेऊन वर गेले. भाचा म्हणाला, मावशी तू वेडी आहेस. असेन, पण पाऊस पडत असताना अर्धा तास उभं राहून जे दिसतं ते कोरड्यात महिनाभर फिरून दिसत नाही. झाडांखाली पालापाचोळ्यावर पाणी वाहताना जवळजवळ दिसतच नाही, पातळ पसरून जातं, जिरतं, एखादं पान हलतं तेवढंच. आणि तिथून दोन पावलांवर जुन्या वाटेत मात्र नळ सोडल्यासारखं, गढूळ, आवाज करत. एका जागी उतरणीवरून अलगद येणारं पाणी वाटेच्या कडेवरून आत पडत होतं आणि पुन्हा बाहेर पडायला त्याला जागाच नव्हती. म्हणजे वाट उतारावर पाण्याच्याच दिशेने आहे आणि आजूबाजूपेक्षा खोल आहे, मग ती वाट नाहीच, गटार आहे. यात कितीही दगड भरा.

वाटेत आडवे ओंडके टाकून पाणी वळवायचा प्रयोग आम्ही आधी केला होता, चार ठिकाणी. आज बघितलं तर चारही ओंडक्यांच्या मागे गाळ भरून पाणी वरून उडी मारून जातंय, आणि खाली पडतं तिथे खड्डा.

ठरलं. ही वाट दुरुस्त करायची नाही, सोडून द्यायची.

२ नोव्हेंबर

हिशोब. वाटेचा चढ सरासरी १० टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे १० मीटर चालल्यावर १ मीटरपेक्षा जास्त चढायचं नाही. मी ९ धरलेत. ६२ मीटर उंचीला साधारण ६९० मीटर लांबी लागते, वळणं-बिळणं धरून ७०० च्या वर. काकांना सांगितलं तर म्हणाले, १९० चे ७०० करणार आणि त्याला सुधारणा म्हणणार!

दुसरा नियम ट्रेल बांधणाऱ्यांचा, निम्म्याचा नियम. टेकडीचा स्वतःचा उतार जितका आहे त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ कमी पाहिजे. उतार ४० टक्के असेल तर वाट २० च्या आत हवी, नाहीतर पाणी वाट आडवी ओलांडून खाली जायच्या ऐवजी वाटेनेच चालायला लागतं. आमच्या उतरणी बहुतेक ३५ ते ४५ च्या आहेत, त्यामुळे ९ टक्क्यांची काही काळजी नाही. फक्त माथ्याजवळ पसरट भागात उतार १२ च आहे, तिथे ६ च्या आत राहावं लागेल. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतेय.

आखणीला ए-फ्रेम केली, पाणलोटाच्या कामात समतल चर आखायला वापरतात तीच. दोन बांबू, एक आडवी पट्टी, वरून दोरीला दगड. पायांतलं अंतर बरोबर २ मीटर. आधी दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण, मग फ्रेमची बाजू उलटी करून त्याच दोन जागांवर परत ठेवायची, दुसरी खूण, दोन्हीच्या मधोमध जी खूण ती खरी सपाटी. मग उताराच्या बाजूच्या पायाला १८ सेंटीमीटरचा लाकडी ठोकळा बांधला. आता दोरी मधल्या खुणेवर आली की समजायचं २ मीटरात १८ सेंटीमीटर, म्हणजे ९ टक्के. फोनमध्ये उतार मोजायचं ॲप आहेच, पण फोन हातात धरून दाट झाडीत चढायचं म्हणजे लक्ष फोनकडे आणि पाय भलतीकडे.

१६ नोव्हेंबर

रिबिनी बांधल्या. पहिल्यांदा निळ्या. दुसऱ्या दिवशी खालून वर बघितलं तर लाईन एका ओलसर खोलगटातून जात होती, जिथे पाऊस संपून इतके दिवस झाले तरी चिखल आहे, म्हणून सोडून दिली. मग पिवळ्या. त्या एका म्हाताऱ्या झाडाच्या बरोब्बर खालून गेल्या. झाडाच्या खालच्या अंगाने वाट कापली की त्याची मुळं उघडी पडतात आणि वरचा भार मोकळा होतो, म्हणून मोठ्या झाडाच्या शक्यतो वरच्या अंगाने जायचं. मग लाल. लाल टिकल्या. आता रानात तीन रंगांच्या रिबिनी आहेत आणि भाचा विचारतो की लग्न कुणाचंय.

आखणी करताना आधी हव्या त्या जागा ठरवायच्या आणि मग त्या जोडायच्या हे मला उशिरा कळलं. बसायला बरा असा खडक, ओहोळ ओलांडायला योग्य जागा, जिथे वळण घेता येईल अशी दोन ठिकाणं, या आधी. नको त्या जागा पण आधी, तो ओला खोलगट, सुटे दगड असलेली धार, वारूळ. मधलं सगळं ए-फ्रेम सांगते तसं.

शिवाय दर १०-१५ मीटरला एक डुबकी ठेवायची. म्हणजे चढत असलेली वाट तीन-चार पावलं जराशी खाली उतरते आणि परत चढायला लागते. चालणाऱ्याला कळतही नाही, पण वाटेवरून घरंगळत आलेलं पाणी त्या डुबकीत थांबतं आणि बाहेर पडतं. ही डुबकी नंतर खणून करता येत नाही असं नाही, पण आखतानाच ठेवली तर फुकट मिळते.

७ डिसेंबर

साफसफाई. वाटेच्या दोन्ही बाजूंनी मिळून दीड मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच इतकंच मोकळं करायचं, त्याहून नाही. नवऱ्याने उत्साहात एका बाजूने तीन मीटर साफ केलं, आता तिथे ऊन पडेल आणि झुडपं दुप्पट जोमाने येतील. फांदी कापताना खोडाला घासून कापायची नाही, फांदीच्या बुडाशी जे जाड कडं असतं ते ठेवून त्याच्या बाहेर, तरच झाड जखम नीट भरून काढतं. आणि खुंटी पण ठेवायची नाही, नाहीतर कुणाच्या तरी खांद्यात घुसते.

वाटेत येणारी छोटी झाडं कापताना कमरेएवढा बुंधा ठेवला. हा धडा मागच्या वर्षीचा आहे, तेव्हा जमिनीलगत कापून मग मुळं काढायला दोन दिवस गेले होते. उंच बुंधा ठेवला की आजूबाजूची मुळं तोडून त्याच बुंध्याला तरफेसारखं ढकलून अख्खं खोड उपटता येतं. वाटेत खोड ठेवून चालत नाही, कुजलं की खड्डा.

दुपारी गांधीलमाश्यांचं पोळं जमिनीत निघालं, भाच्याला तीन चावल्या. आजचं काम बंद. लाल रिबिनीच्या शेजारी मोठी काळी पिशवी बांधून ठेवलीय.

२१ डिसेंबर

खोदाई सुरू. हत्यारं : कुदळ, टिकाव, फावडं, पहार, दंताळं आणि एक पुलास्की. पुलास्की म्हणजे एकाच दांड्याला एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं. अमेरिकेच्या वनखात्यातला रेंजर एड पुलास्की, १९१० च्या प्रचंड वणव्यात आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवलं तो, त्याच्या नावाने हे हत्यार ओळखतात. वणव्यासाठीचं हत्यार पण मुळं भरलेल्या जमिनीत वाट काढायला याच्यासारखं काही नाही, माती ओढता ओढता मूळ आलं की मनगट फिरवायचं, कुऱ्हाड. फक्त मागे उभं राहणाऱ्याने लांब राहायचं, दोन्हीकडून धार असते. भाच्याला हे एकदा सांगितलं, मग ओरडून सांगितलं.

पहिले दहा मीटर कसे केले ते सविस्तर लिहिते कारण पुढचे सगळे तसेच करायचेत.

वाटेची रुंदी ७५ सेंटीमीटर. वरचा पालापाचोळा आणि कुजकट काळी माती दंताळ्याने आधी वर ओढून बाजूला ठेवायची, ती शेवटी लागते. त्याखाली घट्ट माती लागते, आमच्याकडे तांबूस, मुरमासारखी. संपूर्ण ७५ सेंटीमीटर त्या घट्ट मातीत कापायचे, अर्धी वाट कापलेली आणि अर्धी वाट भर टाकून केलेली असं नाही. सोपं वाटतं म्हणून सगळे तसंच करतात आणि भर टाकलेली बाजू पहिल्या मोठ्या पावसात खचते. ४० टक्के उतारावर ७५ सेंटीमीटर आत जायचं तर आतल्या बाजूला ३० सेंटीमीटर खोल कापावं लागतं. आणि ती आतली दरड उभी सोडायची नाही, मागे कलती कापायची, नाहीतर ती स्वतःच ढासळून वाटेवर येऊन बसते.

मग ढाळ. वाट आतून बाहेर ५ टक्के, म्हणजे ७५ ला साधारण ४ सेंटीमीटर. पाण्याची बाटली अर्धी भरून आडवी ठेवली की बुडबुडा कुठे जातो त्यावरून कळतं. डोळ्याला ४ सेंटीमीटर सपाटच वाटतात, किंबहुना टेकडीवर उभं राहिलं की डोळा फसतो आणि आत कललेली वाट पण सपाट वाटते. आम्ही पहिले चार मीटर असेच आत कललेले केले, बाटली ठेवल्यावर कळलं.

काढलेली माती खालच्या उतारावर लांब भिरकवायची, पसरून. फावड्याने वाटेच्या कडेला ओतली की तिचा बांध होतो आणि झालं, परत गटार. नवरा एवढी छान कड तयार करत होता, हाताने थापून वगैरे, त्याला वाटलं माणूस घसरू नये म्हणून कठडा हवा. तो बांध फोडायला लावला तेव्हा तोंड बघण्यासारखं झालं होतं.

दिवसभरात तीन माणसं, १२ मीटर.

५ जानेवारी

पाठ. काही लिहित नाही. १५ मीटर.

१८ जानेवारी

लाईनवर एक मोठं झाड आडवं पडलंय, दोन्ही टोकं टेकलेली, मधे अधांतरी. चेनसॉ मी चालवते, हेल्मेट, जाड पँट, सगळं घालून. अशा ओंडक्याचा वरचा भाग दाबात असतो आणि खालचा ताणात, म्हणून वरून साधारण एक तृतीयांश कापायचं आणि मग खालून वर. हे मला माहीत होतं, चांगलं माहीत होतं, आणि तरी वरूनच कापत गेले, कारण भाचा बघत होता आणि काम भराभर चाललं होतं. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर लाकडाने करकचून पातं पकडलं. मशीन बंद, जागच्या जागी अडकून. पहारीने उचलून बघितलं, हलेना. शेवटी हातकरवतीने अलीकडे खालून कापलं आणि वरच्या चिरेत लाकडी पाचर ठोकली तेव्हा सुटलं, पाऊण तास. नशीब हे की ओंडका सुटला तेव्हा आम्ही सगळे वरच्या अंगाला होतो, कारण तो तिथे थांबला नाही, वीसेक मीटर गडगडत जाऊन एका झाडावर आदळला. खालच्या अंगाला कधीच उभं राहायचं नाही, ओंडका कितीही गरीब दिसला तरी.

२ फेब्रुवारी

वेग आलाय, आता मऊ जमिनीत दिवसाला २० मीटर होतात. कालपासून मात्र पहिल्या वळणावर अडकलोय आणि अजून दोन शनिवार-रविवार इथेच जाणार.

उतार कमी असेल तर वाट गोल फिरवून नेता येते, पण इथे ४० टक्के आहे, गोल फिरवली तर वळणाचा मधला तुकडा थेट उताराच्या दिशेने येतो आणि परत तेच, गटार. म्हणून इथे पक्कं वळण, म्हणजे वाटेचा वरचा हात, खालचा हात आणि मधे सपाट चौथरा, अडीच मीटरचा. चौथऱ्याची बाहेरची बाजू अधांतरी येते म्हणून खाली गडगा रचायचा.

रचाईचं काम मी कधी केलं नव्हतं. काका खाली खुर्ची टाकून बसले होते, त्यांना राहवेना. म्हणाले, दगड हातात घेतलास की त्याला परत खाली ठेवायचा नाही, त्याची जागा शोधायची. ऐकायला छान आहे पण चाळीस किलोचा दगड हातात घेऊन जागा शोधता येत नाही. बाकी त्यांनी सांगितलेलं सगळं खरं निघालं. सगळ्यात मोठे दगड तळाला, आणि तळ आधी खणून आत कललेला करायचा. लांब बाजू आत जायला हवी, बाहेर दिसायला नाही. प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर बसला पाहिजे, सांधमोड झाली पाहिजे, सांध्यावर सांधा आला की तिथून फाटतो. भिंत उभी नाही, आत कलती. मागे माती नाही, चिपा आणि गोटे भरायचे म्हणजे पाणी अडून फुगवटा येत नाही. दगड बसला की त्यावर उभं राहून दोन्ही पायांनी डोलून बघायचं, हलला तर काढ.

मी एक दगड सात वेळा काढला. सातव्यांदा तो असा बसला की आवाज बदलला. आधी ठक् व्हायचा तो आता धप् झाला, पोकळी नाही. काकांनी खालूनच मान हलवली, त्यांना आवाजावरूनच कळलं.

पाण्याचं असं केलं, वळणाच्या आधी वरच्या हाताला ढाळ उलटा, म्हणजे आतल्या बाजूला, आणि तिथे उथळ चर काढून पाणी वळणाच्या पाठीमागून बाहेर. नाहीतर वरच्या हाताचं सगळं पाणी चौथऱ्यावरून खालच्या हातावर पडलं असतं.

२२ फेब्रुवारी

ओहोळ. पूल नको, एवढ्याशा पाण्याला. मोठे चपटे दगड प्रवाहात पात्राच्या पातळीला बसवले, वरून पाणी गेलं तरी चालेल असे. महत्त्वाचं म्हणजे वाट दोन्हीकडून ओहोळात खाली उतरते आणि पलीकडे चढते. ओहोळ कधी तुंबला, फांद्या अडकल्या तर पाणी तिथल्या तिथे वरून जाईल, आपली वाट धरून टेकडीभर फिरणार नाही.

२९ मार्च

माथ्याखालचा पसरट भाग. इथे खोदणं म्हणजे गंमत आहे, नऊ-दहा सेंटीमीटर कापलं की वाट तयार, एका दिवसात ४० मीटर. दोन दिवसांत ८० मीटर उरकले. आखणी मात्र ९ टक्क्यांनीच केली कारण ६ ने गेलं असतं तर अजून चाळीसेक मीटर वाढले असते आणि सगळे कंटाळलेत, मी सुद्धा. डुबक्या ठेवल्यात. बघू.

२७ एप्रिल

वाट माथ्याला लागली. लांबी ७१८ मीटर. माती हाताने उचलून पाहिली तर अजून भुसभुशीत आहे, एक पावसाळा गेल्याशिवाय बसणार नाही.

काका चालले. काठी घेऊन, तीन ठिकाणी बसून, एक तास दहा मिनिटं. बोलले काहीच नाहीत. वर पोचल्यावर बराच वेळ इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, ते पलीकडचं झाड कधी पडलं? ते पडून वर्ष झालंय.

१० मे

जुनी वाट बंद करायचं काम. नुसती काठी आडवी टाकून वाट बंद होत नाही, ती दिसली नाही पाहिजे, निदान दोन्ही तोंडांना. आणि घळ तशीच ठेवली तर ती खोल होतच राहणार. म्हणून घळीत टप्प्याटप्प्याने अनगड दगडी बांध घातले, वरच्या बांधाचा पाया जिथे आहे साधारण त्या उंचीला खालच्या बांधाचा माथा येईल असे, म्हणजे मधे गाळ भरून पायऱ्या होतात. बांध मधे थोडा खोलगट ठेवायचा, नाहीतर पाणी कडेने जाऊन दोन्ही काठ खातं. कुंपणापाशी साठलेले ते ओळखीचे दगड सगळे परत वर नेले. वरून फांद्या, पालापाचोळा, आणि तोंडाशी जवळचीच रोपं मातीसकट उचलून लावलीत. ती जगतील न जगतील, पाऊस लवकर आला तर.

१५ जून

पहिला मोठा पाऊस. सकाळी फावडं घेऊन छत्रीसकट वर.

खालचा सगळा भाग ठीक. डुबक्या काम करतायत, प्रत्येक डुबकीच्या बाहेरच्या तोंडाशी छोटासा गाळाचा पंखा पडलाय, आणि एका ठिकाणी पानं अडकून तोंड बुजलं होतं ते पायानेच मोकळं केलं. वळणाचा गडगा जागेवर. दरड दोन ठिकाणी ढासळली, दोन्ही ठिकाणी आम्ही कंटाळून उभी कापली होती तिथेच, त्यामुळे बोलायला जागा नाही.

पसरट भाग वाया गेला. पूर्ण ८० मीटर. १२ टक्के उताराच्या जमिनीवर ९ टक्क्यांची वाट, पाण्याला बाहेर पडायचं कारणच नाही, ते वाटेने आलं आणि डुबक्या भरून ओसंडून पुढच्या डुबकीत गेलं. मधे बोटभर रुंद नाळी पडलीय, काही ठिकाणी चार बोटं खोल. डुबक्यांमध्ये डबकी. २ नोव्हेंबरची नोंद काढून वाचली आणि वही बंद केली.

२९ जून

त्या ८० मीटरांवर तीन दिवस विचार केला. अजून डुबक्या टाकून बघाव्यात, दगड बसवावेत, वगैरे. शेवटी सोडून दिलं. खोदायला सोपी जागा पाणी काढायला अवघड असते, सपाटीवर पाणी जाणार कुठे. म्हणून वाट पंधरा मीटर बाजूला, सोंडेच्या कडेला सरकवली, जिथे उतार ३० टक्के आहे. तिथे खोदायला तिप्पट मेहनत पण ९ टक्के बिनघोर चालतात. माती ओली असताना खोदणं उलट बरं पडलं, चिखल नाही आणि ढेकूळही नाही अशी, थापली की बसते. नवीन तुकडा ३० मीटर झालाय, उरलेला पाऊस उघडेल तसा.

आधीच्या भागात जिथे माणसं जास्त चाललीत तिथे वाटेचा मधला भाग दबून बाहेरच्या कडेला आपोआप बारीक बांध तयार व्हायला लागलाय. तो दर पावसाआधी आणि पावसानंतर कुदळीने फोडायचा. हे दरवर्षीचं काम आहे, यातून सुटका नाही.

१३ जुलै

वळणापाशी कुणीतरी शॉर्टकट मारतंय. वरच्या हातावरून थेट खालच्या हातावर, वळणापासून आठेक मीटर अलीकडे. गवत दबलंय, माती उघडी पडलीय, एक पाऊस अजून आला की नाळी पडणार. मी भाच्याला झापलं, तो शपथा घ्यायला लागला. नवऱ्याकडे बघितलं. मग जवळ जाऊन वाकून बघितलं तर दबलेल्या मातीत एका बाजूने ओळीने भोकं, रुपयाएवढी गोल, दर पावलाला एक.

काठीची.

संध्याकाळी विचारलं. काका म्हणाले, वर जाताना जातो ना तुझ्या वाटेने, उतरताना खालची वाट समोर दिसते मग कशाला एवढं फिरायचं. म्हटलं काका, गुडघे? म्हणाले, गुडघे माझे आहेत, तू ढाळ बघ.

तिथे काटेरी फांद्या रचल्या, आत मोठा दगड, म्हणजे खालचा हात वरून दिसणार नाही.

२० जुलै

फांद्या बाजूला काढून व्यवस्थित रचून ठेवलेल्या. दगड तेवढा हलला नाही, त्याच्या बाजूने भोकं.

मोजलं. दोन हातांमधे उंची १.४ मीटर, आडवं अंतर ३.६. नऊ पायऱ्या बसतात, साडेपंधरा सेंटीमीटर उंची आणि पाय ठेवायला ४० सेंटीमीटर. खालून सुरुवात करून प्रत्येक दगड खालच्याच्या मागच्या कडेवर टेकवत वर जायचं, आणि वरच्या तोंडाशी एक चांगली डुबकी म्हणजे वरचं पाणी पायऱ्यांवर येणार नाही. दगड बघायला काका स्वतः ओहोळापर्यंत आले, सहा पसंत केले. तीन अजून मिळायचेत.